'ओपन' दिसलं तरी आधी परवाना बघा

कोड गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती वेबसाइट) दिसतोय म्हणजे वापरायला मोकळा, असं धरून चालू नका. प्रकल्पात लायसन्सची फाइल नसेल, वर्णनातही परवाना लिहिलेला नसेल, तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. वाचा, तिथल्या तिथे फोर्क करा (म्हणजे आपल्या खात्यात प्रत घ्या). स्वतःच्या अ‍ॅपमध्ये घालायचा असेल तर मात्र आधी विचारा.

फोटो, लेख, चित्रं घेताना क्रिएटिव्ह कॉमन्सची (सीसी, म्हणजे काम इतरांना वापरू देणारे तयार परवाने) अक्षरं शेवटपर्यंत वाचा. नवीन माणूस 'सीसी' एवढंच बघतो आणि इथेच फसतो.

- बाय (BY): श्रेय द्या, मग बदला, विका, काहीही करा.
- बाय-एसए (BY-SA): वरचं सगळं चालतं, पण बदललेलं काम वाटताना तोच परवाना लावायचा.
- एनसी असेल तर व्यावसायिक वापर नाही. एनडी असेल तर बदल करून वाटायचं नाही. ही दोन्ही विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात तो संग्रह) चालत नाहीत, फाइल काढून टाकतात.

श्रेय म्हणजे 'साभार: इंटरनेट' नव्हे! कर्त्याचं नाव, मूळ दुवा, परवान्याचं नाव आवृत्तीसह (उदा. बाय-एसए ४.०) आणि त्याचा दुवा, बदल केला असेल तर तसा उल्लेख. एका ओळीत बसतं.

देवनागरी फॉन्टचं सोपं आहे. 'मुक्ता' हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्स या फॉन्टसाठीच्या मुक्त परवान्याखाली आहे: पुस्तक छापा, लोगो करा, विका. फक्त फॉन्टची नुसती फाइल विकायची नाही.

जीपीएल-एमआयटी या कोडच्या परवान्यांची सरमिसळ, पेटंट वगैरे सध्या राहू द्या. आधी स्वतःच्या प्रकल्पात परवान्याची फाइल टाका.