गाडीवर माणसं किती?

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडू का, हा तुझा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतोय. घरचं कर्ज, कंत्राटाची मुदत, आईचं म्हणणं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण पत्राच्या मधोमध तू सहज लिहून गेलास : "मी आत गेलो नाही म्हणून मी भ्यालो, असं सगळे म्हणतात. आता मलाही तसंच वाटायला लागलंय." त्या वाक्याने माझी झोप उडवली. हे पत्र तेवढ्यासाठी.

आधी सांग, गोदामाला आग लागली त्या रात्री तुमच्या अग्निशमनाच्या गाडीवर माणसं किती होती?

तीन. एक ड्रायव्हर, एक तू, आणि तिसरा आरोग्य विभागातून "तात्पुरता" वर्ग केलेला सफाई कामगार, जो पायात चपला घालून गाडीत चढला. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम, शटर अर्धवट उघडं, धूर छतापासून गुडघ्यापर्यंत उतरलेला. आत कुणी नाही हे मालकानेच सांगितलेलं, आणि तोच मालक "आत घुसा ना, काय बघत बसलात" म्हणून शंख करतोय. तू बाहेरून पाणी मारलंस, शेजारचं दुकान वाचवलंस, एमआयडीसीची गाडी येईपर्यंत थांबलास. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं आणि तू गावभर भित्रा ठरलास.

यात भिण्याचा प्रश्न आला कुठे? हिशेब कर. ड्रायव्हर पंपावर. तो तिथून हलला की दाब बघायला कुणी नाही, म्हणजे तो मोजायचाच नाही. राहिले दोघे. ६३ मिलिमीटरचा होज, म्हणजे आपला पाण्याचा पाइप, भरला की १५ मीटरच्या एका लांबीत ४६ किलोच्या वर नुसतं पाणी असतं. दोन लांबी जोडल्या की नव्वद किलोंच्या पुढे, तेही दाबाने ताठरलेलं. ते गोदामातल्या दोन वळणांवरून एकट्याने ओढून दाखव मला. बरं, बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरचं श्वसनयंत्र, चढवून गेला असतास, तर बाहेर तुझा वेळ कोण मोजणार होतं? ६.८ लिटरचं सिलिंडर ३०० बारला भरलेलं असेल तर त्यात दोन हजार लिटरच्या आसपास हवा. कागदावर ती पाऊण तास पुरते. होज ओढताना, उकाड्यात, छाती धडधडत असताना अर्ध्या तासाच्या आत हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. ती वाजली तेव्हा तू शटरपासून किती आत, कुठल्या रॅकमागे आहेस, हे बाहेर कुणाला ठाऊक? आणि ठाऊक असतं तरी तुला काढायला कोण येणार होतं? तो चपलांवाला? त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं. त्याला तिथे पाठवणारा घरी झोपला होता.

तू भ्याला नाहीस. तू मोजलंस. तेवढंच तर शिकवायचं असतं, बाकी सगळं हातांना सवयीने येतं.

तुझे मुख्याधिकारी म्हणे सभेत सांगतात की आपली गाडी सहा मिनिटांत पोहोचते. पोहोचत असेल. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकषही शहरात पाच ते सात मिनिटं आणि ग्रामीण भागात वीस मिनिटं असाच आहे, आणि तो चुकीचा नाही. पण घड्याळ गाडीच्या चाकांना बांधलंय. गाडी दारात थांबली की घड्याळ थांबलं, आत माणसं किती हे कुणी विचारत नाही. वरात मुहूर्तावर आली आणि घोड्यावर नवरदेवच नाही, तशातली गत. दोन माणसं घेऊन सहा मिनिटांत पोहोचलास म्हणजे सहा मिनिटांत आग बघायला पोहोचलास. विझवायला पुरेशी माणसं जमली तेव्हा खरा प्रतिसाद मिळाला. तुमच्या त्या रात्री तो केव्हा मिळाला? एमआयडीसीची गाडी आली तेव्हा. ती मिनिटं कुठल्या अहवालात आहेत?

आणि हे "अमेरिकेत तर स्वयंसेवक आगी विझवतात, आपणही आपदा मित्र, म्हणजे आपत्तीसाठी तयार केलेले स्वयंसेवक, घेऊ" हे तुला कुणी ऐकवलं असेल ते मी ओळखतो. माणूस बदलला तरी खुर्ची तेच बोलते. खरं आहे, अमेरिकेतले निम्म्याहून जास्त अग्निशामक बिनपगारी आहेत. चिलीत तर जवळजवळ सगळेच. पण अमेरिकेत त्यांच्याकडून काय मागतात ते त्या साहेबांनी वाचलेलं नाही. स्वयंसेवकांच्या दलांसाठी एनएफपीए या तिथल्या अग्निसुरक्षा संघटनेचं १७२० नावाचं मानक झालं. त्यात दाट वस्तीत नऊ मिनिटांत १५ माणसं, उपनगरात दहा मिनिटांत १० माणसं, खेड्यात चौदा मिनिटांत ६ माणसं. नीट वाच, माणसं लिहिलंय. गाड्या नाही. पगारी दलांसाठीच्या १७१० या मानकातही पहिली गाडी चार मिनिटांच्या प्रवासात पोहोचावी, आणि त्या गाडीवर किमान चौघे असावेत. मानक म्हणजे कायदा नव्हे, आणि तिथली कितीतरी गावं ते पाळू शकत नाहीत हेही खरं. १९८४ मध्ये तिथे स्वयंसेवक नऊ लाखांच्या घरात होते, २०२० पर्यंत ते पावणेसात लाखांवर आले. पण निदान मोजतात तरी माणसं. कमी पडली तर कमी पडली असं लिहितात.

आपदा मित्रांना मी नावं ठेवत नाही. बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली ती पोरं पुरात, गर्दी हटवायला, जखमींना उचलायला लाख मोलाची आहेत. पण आपल्याकडे फायरमनचा पाठ्यक्रम सहा महिन्यांचा असतो, तो उगीच नाही. बारा दिवसांच्या माणसाला बी.ए. सेट चढवून धुरात ढकलणं याला मी स्वयंसेवा म्हणणार नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने एक प्रयोग केला होता, तो मला तोंडपाठ आहे, कारण मी तो फार लोकांच्या तोंडावर फेकलाय. दोन हजार चौरस फुटांचं साधं दुमजली घर. गाडी आल्यापासून आग विझेपर्यंतची बावीस कामं. दोन, तीन, चार, पाच माणसांच्या गाड्या आळीपाळीने लावल्या. चौघांच्या गाड्यांनी तीच कामं तिघांच्या गाड्यांपेक्षा पाच मिनिटं आधी संपवली, दोघांच्यापेक्षा सात मिनिटं आधी. रस्ता तोच, घर तेच, गाडीही तीच. फरक फक्त डोकी किती याचा. मी हे मराठीत टाइप करून एका साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. ते म्हणाले, "अमेरिकेचं इथे काय?" आता तेच खातं अमेरिकेतल्या स्वयंसेवकांचे दाखले देतंय. असो.

आपल्या राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने इमारतीच्या मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायला लावलं, की आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे. फार चांगलं केलं. पण त्या इमारतीत धावून जाणाऱ्या गाडीवर या जुलैत माणसं किती होती, याचं प्रमाणपत्र कोण कुणाला देतं? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातलीय, आणि नगरपालिकांनी ती आकृतिबंधात घातलीय. मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, बाकीच्या रकान्यात "रिक्त". त्या रिक्त पदांनी आजवर एकही होज उचललेला नाही.

दर १४ एप्रिलला आपण हुतात्मा अग्निशामकांना फुलं वाहतो. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात. ते फुटलं आणि ६६ अग्निशामक गेले. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासची इमारत कोसळली आणि मुंबई दलाचे चार अधिकारी आपण गमावले, त्यात खुद्द दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. तिथे अनुभवाची कमी नव्हती. आग अशीच असते, सगळं असतानाही माणूस नेते. म्हणून तर जे आपल्या हातात आहे त्यात काटकसर नको, असं मी म्हणतो. पंधरा तारखेला पुन्हा गाडीवर तिघे, आणि फुलं अजून सुकलेली नसतात.

आता माझं. मी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ऑक्युरन्स बुकात, म्हणजे स्टेशनच्या नोंदवहीत, एक ओळ लिहायचो : "गाडीवर माणसं तीन. मंजूर सहा. आत शिरून काम शक्य नाही." तारीख, वेळ, सही. वरच्यांनी आधी समजावलं, मग दटावलं, मग मला बाजार विभागात गाळ्यांची भाडी वसूल करायला बसवलं. बढती गेली. पेन्शनच्या आकड्यात तो फरक दरमहा दिसतो, आणि बायको अजून अधूनमधून त्याची आठवण करून देते. लोक मला हेकट म्हणायचे. असेन. त्या ओळीने एकही पद भरलं गेलं नाही, हेही खरंच सांगतो. पण पुढे एका आगीची चौकशी लागली, उशीर का झाला म्हणून दोन पोरांना निलंबित करायचं घाटत होतं, तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने ते बुक मागवलं आणि पोरं सुटली. मला तेवढं पुरलं. पुरायला नको होतं, असंही कधी कधी वाटतं. बाजार विभागातून मी वर्तमानपत्राकडे जाऊ शकलो असतो, कोर्टात जाऊ शकलो असतो. शिस्तीचा माणूस म्हणून नाही गेलो. तू इतका शिस्तीचा होऊ नकोस.

तू विचारशील, आत माणूस असता तर? विचारायलाच हवं. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमात 'दोघे आत, दोघे बाहेर' असं आहे, म्हणजे दोघे आत शिरले की त्यांना काढायला दोघे बाहेर तयार हवेत, आणि त्यातच पुढे सवलतही आहे, की जीव वाचवायचा असेल तर चौघे जमेपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. एकदा तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघर पेटलेलं, आतल्या खोलीत एक म्हातारी आणि दाराबाहेर तिचा नातू हंबरडा फोडतोय. गाडीवर तेव्हाही तिघेच. आम्ही दोघे आत गेलो, बाहेर नुसता ड्रायव्हर. म्हातारी जिवंत आली. आज तू माझ्याकडे बोट दाखवशील, की सर, तुम्हीच मोडलात. नाही मोडलं. मी मोजलं होतं, आणि बदल्यात काय मिळतंय ते बघून पाऊल टाकलं होतं. खुर्च्यांसाठी मी ते पाऊल टाकलं नसतं, आणि तू टाकलं नाहीस. यात फरक कळत नसेल त्या माणसाने फायर ब्रिगेडवर शूटिंग करू नये, आणि अधिकारी असेल तर त्याने सहीही करू नये.

मात्र एका गोष्टीवर मी तुझ्यावर खरंच चिडलोय. "डिझेल मिळत नाही म्हणून ड्रिल बंद आहे" हे तू मला लिहिलंस? मला? गाडी न हलवता तिघांत काय काय होतं सांगू? होज सोड, गुंडाळ, पुन्हा सोड. डोळ्यांवर फडकं बांधून स्टेशनच्या खोलीत भिंतीचा हात न सोडता एकमेकांना शोधा. त्या सफाई कामगाराला गमबूट मिळवून दे, मग त्याला बाहेरच्या फळ्यावर तुझी आत जायची वेळ आणि सिलिंडरचा दाब लिहायला शिकव. लिहिता येत नसेल तर आकडे तरी शिकव. तो उद्या परत जाईल म्हणून आज शिकवायचं नाही, हे सरकारी बोलणं माझ्याजवळ नको. मास्क चढवल्यावर व्हॉल्व्ह बंद करून श्वास आत ओढून बघ, मास्क चेहऱ्याला चिकटतो का. आणि ती दाढीची फॅशन आधी काढ. फोटोत बघितली मी. खुंटांमधून धूर आत येतो.

आजपासून पाळी बदलताना ती ओळ तूही लिही. नाटकी शब्द नकोत, कुणावर आरोप नको. माणसं किती, त्यातली प्रशिक्षित किती, बी.ए. सेट चालू किती, सिलिंडरवर ठोकलेली चाचणीची तारीख काय. पानाचा फोटो स्वतःकडे ठेव. महिन्याच्या शेवटी मुख्याधिकाऱ्यांना एका पानाचं पत्र दे, आवक क्रमांक घेऊन, शिक्क्यासकट. तोंडी काही नको. मसुदा आधी मला पाठव, तुझं शुद्धलेखन भयंकर आहे.

आणि त्या पत्रात माझं नाव कुठेही येऊ देऊ नकोस. तिथल्या जुन्या कारकुनांना ते अजून पाठ आहे, तुझं काम अडेल.

तुझा,
एक निवृत्त स्टेशन ऑफिसर