पहिल्या घरभाडे-मध्यस्थीला बसण्याआधी

घरमालक-भाडेकरू वादात मध्यस्थ म्हणून बसणार असाल, तर आधी भाडेकरार स्वतः वाचा. दोघांनी तोंडी सांगितलेला करार आणि कागदावरचा करार पुष्कळदा जुळत नाहीत.

सुरुवातीलाच सांगून टाका की इथलं बोलणं गोपनीय आहे आणि तुम्ही निकाल देणार नाही. मग बोलू द्या, मध्ये अडवू नका. वाद अनामत रकमेचा म्हणून येतो. ऐकता ऐकता कळतं की मालक न विचारता घरात शिरले याचा राग आहे, किंवा भाडेकरू फोनच उचलत नाहीत याचा.

आवाज चढले की दोघांना वेगवेगळं भेटा. एकट्यात माणूस किती रकमेवर तयार होईल तो खरा आकडा सांगतो. तो आकडा त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला सांगू नका, नाहीतर विश्वास गेलाच. 'तडजोड नाही झाली तर काय कराल?' हे दोघांनाही विचारा. कोर्टाचा वेळ, वकिलाचा खर्च, रिकामं पडलेलं घर याचा हिशोब त्यांनीच केलेला बरा.

नुकसानीच्या वादात ताबा घेतानाचे आणि सोडतानाचे फोटो शेजारी ठेवा. रंग फिका पडणं ही वापरातली झीज. फोडलेलं बेसिन नव्हे.

धमकी, मारहाण किंवा एक जण घाबरून गप्प असल्याचं दिसलं, तर मात्र मध्यस्थी थांबवा.

समझोत्यात 'लवकरच दुरुस्ती करू' असलं काही ठेवू नका. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, हप्ता चुकला तर पुढे काय, सगळं लिहा. कुणाला सहीआधी वकिलाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखवू द्या.