17-सीची प्रत न मागताही द्यायची

प्रिय बाळ,

काल फोनवर तुझा सगळा भर मतदानाचं मशीन बिघडलं तर काय, यावरच होता. त्याची एवढी धास्ती घेऊ नकोस. राखीव मशीन घेऊन झोनल अधिकारी फिरत असतात, ते बदलून देतात. तुझ्यासारख्या मतदान केंद्राध्यक्षाची कसोटी लागते ती खोलीत बसलेल्या, उमेदवारांच्या पोलिंग एजंटांपुढे. त्यांना दिवसभर जे दिसतं, तेच संध्याकाळी चावडीवर जातं. म्हणून जे करशील ते त्यांच्या डोळ्यांदेखत कर.

मतदान सातला, म्हणजे मॉक पोल, मशीनची चाचणी घेणारं लुटुपुटीचं मतदान, साडेपाचला. एजंट आले नसतील तर पंधरा मिनिटं वाट पाहायची, मग सुरू. कमीत कमी 50 मतं, 'नोटा'सकट प्रत्येक बटणावर. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं क्रमाने दाब. रिझल्टला दिसलेला मशीनचा निकाल व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ताडून दाखव. घोळ होतो तो इथेच. सातचा काटा जवळ येतो, बाहेर रांग कुरकुरायला लागते आणि क्लिअर दाबायचं राहून जातं, नाहीतर चिठ्ठ्या आतच राहतात. मतमोजणीच्या दिवशी ती मतं जास्तीची निघतात. चूक माणसाची, नाव यंत्राचं. तेव्हा टोटल दाबून शून्य दाखव आणि चिठ्ठ्यांचा रिकामा कप्पाही उघडून दाखव. चिठ्ठ्या शिक्के मारून काळ्या पाकिटात सीलबंद कर. मशीन सील करायच्या हिरव्या पेपर सीलवर एजंटांच्या सह्या घे, त्याचा नंबर त्यांना उतरवून घेऊ दे. 'राहू द्या मॅडम, विश्वास आहे' म्हणणारा एखादा भेटतोच. त्याची सही सगळ्यात आधी घे.

दुपारी एखाद्या आजी येतील आणि यादीत त्यांच्या नावापुढे मतदान झाल्याची खूण असेल. त्यांना परत पाठवू नकोस. दोन-चार प्रश्न विचार, खात्री पटली तर टेंडर व्होटची कागदी मतपत्रिका दे, नोंद कर, पाकीट सील कर. ते मत एरवी मोजणीत धरत नाहीत, हे कुणी विचारलं तर खरं ते सांग. पण आजींची तक्रार कागदावर आली, हे महत्त्वाचं.

'मी एकाला दिलं, चिठ्ठी दुसऱ्याची निघाली' असं कुणी म्हणालं तर आवाज चढवायचा नाही. खोटं निघालं तर शिक्षा आहे हे समजावून त्याच्याकडून लेखी घ्यायचं आणि एजंटांसमोर चाचणी मत टाकायला लावायचं. शंका घेणारा दर वेळी कुणाचा तरी माणूसच असतो, असं मला वाटत नाही.

आता संध्याकाळ. 2024च्या विधानसभेला पाच वाजताचा आकडा 58.22 टक्के आणि अंतिम 66.05, यावरून केवढं रान उठलं ते तू पाहिलंसच. आपण दर दोन तासांनी कळवतो तो अंदाज, हे लोकांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. सहानंतरही रांगेतल्यांना मत देता येतं. टोकन शेवटच्या माणसापासून पुढे वाटत यायचं, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. शेवटचं मत पडलं की एजंटांसमोर क्लोज. टोटल 17-एच्या, म्हणजे मत द्यायला आलेल्यांच्या, नोंदवहीशी जुळव आणि 17-सी, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, भर. मोजणीच्या टेबलावर मशीनची टोटल याच कागदाशी ताडली जाते. हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला 17-सीची, तुझी सही केलेली प्रत द्यायची, त्याने मागितली नाही तरी. तसा नियमच आहे. आपल्यातले बरेच जण थकून 'उद्या घ्या' म्हणतात, याचा मला संताप येतो. दुपारी गर्दी ओसरली की या प्रतींवर केंद्राचं नाव, क्रमांक, मशीनचे नंबर आधीच लिहून ठेव. संध्याकाळी फक्त आकडे भरायचे राहतील.

रात्री साहित्य जमा करताना रेटारेटी असते. मशीनची पोहोच हातात पडल्याशिवाय एसटीत चढू नकोस, आणि डब्यात भाकरी जास्तीची घे, एजंटही उपाशीच असतात.

तुझे,
सर