बेळगावात राहून ५० किलोमीटरच्या डोंगरी अल्ट्रामॅरेथॉनची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन फुल मॅरेथॉन झाल्यात, आठवड्याला ४० किलोमीटर होतात आणि डिसेंबरच्या मध्यावर ५० किलोमीटरची, सुमारे १५०० मीटर चढाची शर्यत आहे. आठच किलोमीटर जास्त, मग वेगळं काय करायचं, हा तुमचा प्रश्न. डोंगरी ५० मध्ये दम क्वचितच संपतो. आधी मांड्या जातात, नाहीतर पोट बिघडतं, नाहीतर तळपाय सोलतात. तयारी या तिघांची करायची.

जुलैच्या शेवटी सुरुवात केली तर २० आठवडे मिळतात. ४० वरून हळूहळू ६५-७० पर्यंत जा. तीन आठवडे वाढ, चौथ्यात पाव भाग कपात. बहुतेक धावणं असं हवं की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. एक आड एक आठवडा शनिवारी लांब आणि रविवारी थकल्या पायांनी दीड-दोन तास. डोंगरात किलोमीटर मोजून उपयोग नाही, वेळ मोजा. सर्वांत लांब सराव साडेपाच तासांचा, शर्यतीच्या साधारण चार आठवडे आधी. त्याहून जास्त केलंत तर पुढचा आठवडा पाय भरून येण्यातच जातो.

आता उतार, कारण सगळे चुकतात ते इथेच. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलतो, त्याचे तंतू सूक्ष्म फाटतात, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर सपाटीवरही पाय उचलत नाहीत. उपाय उतरण्याचाच. एकदा नीट झेललेला उतार स्नायूला काही आठवडे पुरतो, म्हणून दर दहा-बारा दिवसांनी उताराचा सराव ठेवा. त्यासाठी येळ्ळूरगड उत्तम आहे. शेवटच्या चढावर झपाझप चालत जा, हात मांडीवर रेटून. उतरताना पावलं छोटी, नजर चार-पाच मीटर पुढे, टाच पुढे फेकायची नाही. दोन फेऱ्यांपासून सुरू करून सहापर्यंत न्या. चढ चालण्यात कमीपणा मानू नका. तीव्र चढावर धावणारा आणि झपाट्याने चालणारा जवळपास सोबतच पोचतात, पण धावणाऱ्याचे पाय जास्त खर्ची पडतात. सराव चोर्ला घाटाच्या रस्त्यावर नको, वळणावर वाहनाला तुम्ही दिसत नाही.

आठवड्यातून दोनदा बैठका घाला. आपल्याकडच्या तालमीत हे शिकवायला माणूस सहज मिळेल. फक्त खाली जायला तीन सेकंद घ्या. जोडीला पायरीवरून एका पायावर सावकाश उतरणं आणि टाचा उचलणं, प्रत्येकी १२ चे तीन संच.

आपला पाऊस या वेळापत्रकाच्या नेमका आड येतो. सप्टेंबरपर्यंत लांब पल्ला डांबरी रस्त्यावरच बरा. येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातली काळी माती बुटाला किलोभर चिकटते आणि चाल बिघडते. जांभ्यावर शेवाळ असतं. जांबोटी-कणकुंबीकडे जळवा. भीमगड हे अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत जाऊ नका. खानापूरच्या जंगलपट्टीत अस्वलं आणि गवे आहेत, उजाडण्याआधी एकट्याने तिकडे धावायचं नाही. ओल्या पायांचं मात्र शिकून घ्या: सुती मोजे बाद, बोटांमध्ये व्हॅसलीन, जिथे चुरचुरेल तिथे लगेच थांबून पट्टी. फोड आल्यावर उशीर झालेला असतो. पाय लांब पल्ल्यात सुजतो, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा. नखं शर्यतीच्या चार दिवस आधी कापा.

पोटालाही सराव लागतो. तासाला ४०-५० ग्रॅम कर्बोदकं धरा: एक मध्यम केळं सुमारे २५ ग्रॅम, २० ग्रॅम गूळ सुमारे १८. उकडलेला बटाटा मीठ लावून चालतो. कुंदा शर्यतीनंतर, खवा धावताना पोटात बसून राहतो. दर अर्ध्या तासाला खा, भूक लागायची वाट बघू नका, आणि लांब सरावात ज्याची सवय नाही ते शर्यतीत तोंडात घालू नका. ओआरएसला जेवण समजणं ही नेहमीची चूक: लिटरभर द्रावणात साखर फक्त साडेतेरा ग्रॅम असते.

पाणी किती, ते वजनकाट्यावर ठरवा. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. जेवढं घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवा, तो तुमचा तासाचा घाम. त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त प्या, तहानेकडे लक्ष ठेवून. साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम घसरतं: बोटं सुजतात, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. तेव्हा आणखी पाणी देऊ नये, थेट वैद्यकीय मदत घ्यावी. दुखतंय म्हणून धावताना आयबुप्रोफेन घेऊ नका, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

नडगीच्या हाडावर बोट ठेवून एकाच बिंदूला दुखत असेल तर सराव बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. धावून ते बरं होत नाही.

शेवटचा तीव्र उतार बारा दिवस आधी, आणि शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करत न्या. शर्यतीत पहिले १० किलोमीटर हळू वाटलेच पाहिजेत. ५० किलोमीटर, किलोमीटरला सरासरी साडेनऊ मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ ८ तास. त्यात प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं धरा, पाच नाहीत. संपल्यावर लघवी चहाच्या काळ्या अर्कासारखी झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.