गाडी चालवताना ऐकायचं तरी काय?

प्रश्न : ताई, मी रोज ठाण्याहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) स्वतः गाडी चालवत जाते, जाताना सव्वा तास, येताना कधीकधी दोन तास. वेळ फुकट जाऊ नये म्हणून पॉडकास्ट लावते पण निम्मं डोक्यात शिरतच नाही, सारखं मागे घेऊन ऐकावं लागतं, आणि परवा तर त्या नादात बीकेसी कनेक्टरला वळायचंच राहिलं आणि थेट सायनला पोचले. काय ऐकू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी एक सांगते, निम्मं डोक्यात शिरत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. शेजारून बाईक घुसली की कान आपोआप मिटतात आणि लक्ष रस्त्यावर जातं, ते तसंच व्हायला हवं. चूक आहे ती मागे घेऊन ऐकण्यात, कारण त्यासाठी हात आणि डोळे दोन्ही स्क्रीनवर जातात आणि तेवढ्यात पुढच्याने ब्रेक मारलेला असतो. सुटलं ते सुटलं, घरी ऐक.

माझ्या मते निवड आवडीवरून न करता रस्त्यावरून करावी. तुझा मुलुंड ते विक्रोळी पट्टा त्यातल्या त्यात सरळ, तिथे बोलणं चालेल, मुलाखत, गोष्ट काहीही. पण घाटकोपर जवळ आलं की छेडानगर, मग पुढे चुनाभट्टीचं वळण, इथे शब्द नकोतच, कारण लेन आत्ता बदलायची की नंतर हे ठरवताना पाटी वाचायची असते, आरसा बघायचा असतो आणि त्यात कुणीतरी कानात बोलत असतं. शेजारी बसलेलं माणूस रस्ता बिकट झाला की आपणहून गप्प होतं गं, पॉडकास्टवाल्याला काय कळणार.

तिथे तोंडपाठ असलेली गाणी लाव. पुढची ओळ माहीत असते त्यामुळे त्याच्यामागे धावावं लागत नाही. मी स्वतः जुनी नाट्यपदं ऐकते, ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असायची, तेवढ्यात अख्खं पद बसवलेलं, अगदी एका सिग्नलपुरतं! आणि ट्रॅफिक पूर्ण ठप्प असेल तर विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल लावून बघ, भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर, संध्याकाळी परतताना मारवा किंवा पूरिया राग. गाणंच मुळात घाईत नसतं, त्यामुळे हॉर्नवरचा हात कमी होतो हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे.

धडधड बीटवाली गाणी मोकळ्या रस्त्यावर जपून. वॉरन ब्रॉडस्की नावाच्या संशोधकांनी २००१ मध्ये सिम्युलेटरवरचे, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात गाण्याची लय वाढली तसा गाडीचा वेगही वाढला, लाल सिग्नल तोडणं आणि लेन सोडणंसुद्धा. रात्री फ्रीवे किंवा अटल सेतूवर हे फार लक्षात ठेवायचं, तिथे पाय आपोआप दाबला जातो.

आणि प्लेलिस्ट पार्किंगमध्येच लावून निघायचं, बाहेर पडल्यावर फोनला हात नाही. इअरफोन तर अजिबात नको, अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकूच येत नाही. जुलैत धो धो कोसळत असेल, काचेपलीकडचं दिसत नसेल, तेव्हा सगळं बंद कर.

प्रश्न : रात्री उशिरा परतताना झोप येते, मोठ्याने गाणी लावली तर चालेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही हो. गाण्याने पाच-दहा मिनिटं जाग आल्यासारखं वाटतं, झोप जात नाही. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, पेट्रोल पंप असेल तर उत्तम, चहा घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा, घरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवा. आणि निघायच्या आधीच पेंग येत असेल तर गाडी ऑफिसलाच ठेवून ट्रेनने या.