वहीतले एकशे दहा

"मॅडम, हा खोटं बोलायला लागलाय. आधी असा नव्हता हो."

आईने पर्समधून शुगरची वही आणि ग्लुकोमीटर काढून टेबलावर ठेवलं. वहीत सुबक अक्षरात ११०, ११५, ११०, १०८. मीटरच्या मेमरीत त्याच वेळांना २८६, ३१२, मध्येच ६४. सोहम (नाव बदललंय) नऊ वर्षांचा. टाइप १ डायबेटिस कळून पाच महिने झालेले, दिवसाला चार इंजेक्शनं.

"रीडिंग जास्त आलं की तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"काय खाल्लंस, एवढंच."

एवढंच! दिवसातून चार-पाच वेळा प्रगतिपुस्तक हातात पडावं आणि प्रत्येक वेळी उलटतपासणी व्हावी, तर कोणीही मार्क खोडेल. शिवाय सर्दी-ताप, परीक्षेचं टेन्शन, कमी पडलेला डोस यांनीही शुगर चढते. २८६ आलं त्या दिवशी पोराने कदाचित काही चोरून खाल्लंही नसेल.

आईला बाहेर बसवून मी सोहमला म्हटलं, मला हे मशीन येत नाही, शिकव. त्याने स्ट्रिप लावली आणि बोटाच्या कडेला टोचलं. "मधोमध टोचलं की जास्त दुखतं," असंही बजावलं. थेंब स्ट्रिपला लावता लावता, वर न बघता त्याने विचारलं, "बेसनाचे किती लाडू खाल्ले की हे होतं?"

दिवाळीत त्याने डब्यातले लाडू गुपचूप खाल्ले होते. महिन्याभरात दवाखान्यात भरती. भेटायला आलेलं कुणीतरी बोलून गेलं, 'गोड खाऊन खाऊन झालं.' तो हिशेब पोरगं पाच महिने एकटं वाहत होतं.

मी सांगितलं, आपल्या शरीराचे सैनिक चुकून आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. ही लढाई दिवाळीच्या आधीच सुरू झाली होती. लाडवांचा त्यात काही संबंध नाही.

"आईला माहितीये हे?"

आईला आत बोलावलं आणि त्यालाच सांगायला लावलं. सांगताना त्याने सैनिकांची संख्या बरीच वाढवली. आई रडली. मी रडू दिलं.

मग घरासाठी थोडंच ठरलं. आकडा 'चांगला-वाईट' नाही, 'जास्त-कमी'. ७० च्या खाली गेला तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, बोलणं त्यानंतर. इंजेक्शन टळणार नाही, पण पोटावर की मांडीवर, हे सोहम ठरवणार. वर्गशिक्षिकेला सगळं सांगायचं. इथे आजी अडल्या, "चारचौघांत कशाला? पुढे लग्नाला अडचण." त्यांची भीती मला कळते. पण बाथरूममध्ये लपून इंजेक्शन घेणाऱ्या मुलाला आपण काहीतरी लाजिरवाणं करतोय असंच वाटणार. त्यावर आमची बरीच वादावादी झाली, आणि आजी अजूनही पूर्ण पटलेल्या नाहीत.

आईला एक मात्र बजावलं. मूल आठवडा-दोन आठवडे गप्प गप्प राहिलं, झोप-जेवण बिघडलं किंवा मुद्दाम इन्सुलिन चुकवू लागलं, तर माझ्या पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, तडक डॉक्टरांना गाठायचं.

महिन्याने वही पुन्हा आली. अक्षर आता गचाळ, आकडे वरखाली. एका ओळीत २४३ आणि शेजारी लिहिलेलं: 'मामाचं लग्न. जिलेब्या २. आईला माहीत आहे.'