मारुती जिप्सीत इंजिन बदलण्याआधी

आधी पिढी ओळखा. १९८५ची एमजी४१० म्हणजे ९७० सीसी, ४ गिअर. १९९६च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसी, ५ गिअर. २००० साली त्यातच १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन आलं, ताकद ८० बीएचपी.

जुन्या ४१०मध्ये किंगचं १.३ लिटरचं इंजिन बसवायचं तर गिअरबॉक्सही किंगचाच घ्या. ४१०चा त्या इंजिनला थेट जुळत नाही. प्रोपेलर शाफ्टची (ताकद चाकांच्या अॅक्सलकडे नेणाऱ्या दांड्याची) लांबी मोजूनच कापा. एमपीएफआय असेल तर ईसीयू (इंजिनचा संगणक), सेन्सर आणि पूर्ण वायरिंग एकाच गाडीतून उचला. जुना कार्ब्युरेटरचा पेट्रोल पंप इंजेक्टरला लागणारा दाब देत नाही, टाकीतला पंप आणि रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) लागतेच. मेकॅनिक बहुतेकदा इथेच काटकसर करतात आणि गाडी चढावर दम तोडते. ब्रेकही अधिक ताकदीचे लावा.

आरटीओची लेखी परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या.